पट्टीचं दुसरं टोक

आमच्या शेजारच्या दादांना रिकामा माणूस बघवत नसे. रिकामा म्हणजे ज्याचे दोन्ही हात मोकळे आहेत असा. त्यांच्या दाराशी गेला आणि पाण्याच्या तांब्याआधी ज्याच्या हातात पट्टीचं टोक आलं नाही, असा एक माणूस अख्ख्या जालन्यात कुणी दाखवावा. पोस्टमन असो, भाजीवाली असो, चुकून पत्ता विचारायला आलेला परगावचा पाहुणा असो, दादा ओसरीवरून म्हणायचे, "आले का? बरं झालं. हे जरा धरा बरं." समोरच्याला वाटायचं, क्षणभराचं काम असेल. तो बिचारा टोक धरायचा आणि त्याची अर्धी दुपार तिथेच जायची. मीही असाच अडकलो, आणि खरं सांगायचं तर अजून सुटलेलो नाही.

दादा मिशनच्या दवाखान्यात पट्ट्या धुवायचे. आताच्या लोकांना हे काम सांगून पटायचं नाही. त्या काळी जखमेवरची पट्टी सोडली की ती टाकून देत नसत. रक्तापुवाने भरलेल्या पट्ट्या बादलीत जमा व्हायच्या. दादा त्या भिजत घालायचे, सोडा टाकून हंड्यात उकळायचे, पिळायचे आणि दवाखान्यामागच्या आमच्या गल्लीत दोऱ्या बांधून वाळत घालायचे. वाळल्या की घट्ट गुंडाळून परत दवाखान्यात. ही गुंडाळणी मात्र एकट्याचं काम नव्हे. एकाने टोक ताणून धरायचं आणि दुसऱ्याने गुंडाळत गुंडाळत त्याच्याकडे यायचं. ढिली गुंडाळलेली पट्टी जखमेवर नीट बसत नाही, असं दादांचं म्हणणं. दुसरं टोक लग्नापासून त्यांच्या बायकोने धरलं. मूलबाळ झालं नाही. मी गल्लीत राहायला गेलो त्याच्या आधीच ती माउली वारली होती, आणि तेव्हापासून दादा टोक धरायला माणूस शोधत होते.

मी केदारखेड्याचा. मास्तर म्हणून जालन्यात लागलो तेव्हा खोलीसाठी वणवण फिरलो. माझं आडनाव ऐकलं की घरमालकांना एकदम आठवायचं, अरे, खोली तर कालच देऊन टाकली! असाच एका संध्याकाळी पिशवी घेऊन त्या गल्लीत उभा होतो. दादांनी आडनाव विचारलं नाही. माझ्या हातातली पिशवी काढून खाली ठेवली आणि म्हणाले, "आता झाले ना हात रिकामे? मंग धरा." पट्ट्या गुंडाळून होईपर्यंत त्यांनी मला गाव विचारलं, मायबाप विचारले, जेवण विचारलं आणि शेवटी शेजारच्या खोलीच्या मालकाकडे स्वतः जाऊन माझी खोली ठरवून आले. आडनाव त्यांना बऱ्याच महिन्यांनी कळलं, तेही पोस्टमनकडून.

त्यांच्याशी बोलायची एक मोठी गंमत होती. बोलणं सुरू व्हायचं तेव्हा आपण ओसरीच्या त्या कडेला आणि ते या कडेला, त्यामुळे पहिली वाक्यं ओरडूनच व्हायची. पट्टी गुंडाळत ते जसजसे जवळ येत तसतसा आवाज उतरत जायचा, आणि अगदी समोरासमोर आलो की ते जे काही बोलायचे ते आपल्यालाच ऐकू यायचं. गल्लीतल्या दोन बायांचं नळावरून असं जुंपलं होतं की त्या एकमेकींच्या सावलीलाही उभ्या राहत नव्हत्या. दादांनी एकीला एक टोक दिलं, दुसरीला गुंडाळायला लावलं आणि स्वतः चूल बघायला आत निघून गेले. बाहेर येऊन बघतात तर दोघी नाकाला नाक लावून उभ्या आणि तिसऱ्याच बाईची चुगली चाललेली. दादांना याचा फार आनंद झाला. तिसरीला दुसऱ्या दिवशी बोलावू म्हणाले.

एकदा गल्लीतून वरात चालली होती. दोऱ्यांवर पांढऱ्या पट्ट्या फडफडत होत्या. नवरदेवाच्या मामाला वाटलं, आपल्यासाठीच ही सजावट. त्याने वरात थांबवून दादांना नारळ दिला आणि गळाभेट घेतली. दादांनी नारळ घेतला, नवरदेवाला आशीर्वाद दिला आणि मामाचे हात रिकामे झालेले बघून त्याला टोक धरायला लावलं. वाजंत्री तेवढा वेळ वाजवत उभे होते.

गुंडाळायची सवय त्यांच्या हातात इतकी मुरली होती की लांबट कापड दिसलं की ते गुंडाळलं जायचंच. माझे अप्पा गावाकडून आले, पटका सोडून खाटेवर ठेवला आणि हातपाय धुवायला गेले. येऊन बघतात तर पटक्याचा चेंडू. "हे काय करून ठिवलं हो?" अप्पा ओरडले. दादा शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, लई ढिला बांधून राह्यले तुमी. आता बघा कसा बसतो ते." दोघांची तिथे जी गट्टी जमली ती कायमची. अप्पा जालन्याला आले की माझ्याकडे नंतर, आधी दादांकडे.

रविवारी देवळात साक्ष द्यायची वेळ आली की दादा हमखास उठायचे. ख्रिस्ती मंडळी आपल्या प्रार्थनामंदिराला देऊळच म्हणत. साक्ष म्हणजे, देवाने आपल्याला कसं वापरलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. कुणी आजारातून उठलेला असे, कुणाची दारू सुटलेली. दादांची साक्ष मात्र ठरलेली. "प्रभूच्या हातातली मी येक पट्टी. तो मला बांधतो, मी भरतो. मंग तो धुतो, पिळतो, वाळू घालतो, गुंडाळतो अन् परत कुणाच्या तरी जखमेवर बांधतो. कुणाची जखम, ते पट्टीनं इचारायचं न्हाई." दादा उठले की लोक खोकायला लागायचे आणि उपासना चालवणारे पाळकसाहेब घड्याळाकडे बघायचे. मी एकदा त्यांच्याबरोबर गेल्तो. मला ती साक्ष आवडली, पण ती मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मग दवाखान्यात पाकिटातल्या तयार पट्ट्या आल्या. एकदा वापरायची आणि जाळून टाकायची. त्यात दवाखान्याचं चुकलं असं कुणी म्हणणार नाही, जखमेला ते चांगलंच. दादांचा सत्कार झाला, शाल दिली, भाषणं झाली. दादा घरी आले आणि सवयीने शाल गुंडाळून कोपऱ्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी दोऱ्या रिकाम्या होत्या. गल्लीला एवढं मोठं आभाळ आहे हे आम्हाला तेव्हा कळलं.

त्यानंतर दादांच्या घरातून काहीच आवाज येईना. मी गेलो की माझ्या हातात द्यायला त्यांच्याकडे काही नसायचं आणि त्यामुळे काय बोलावं हे दोघांनाही कळायचं नाही. शेवटी एकदा तेच म्हणाले, "मास्तर, येकदा वापरून जाळून टाकत्यात म्हणं."

"पट्ट्या ना? हो."

"मंग माणसाचंबी आता तसंच का?"

मी मास्तर होतो, मुलांनी विचारलेलं मला झटकन सांगता यायचं. यावर मी उठून त्यांचा रिकामा हंडा नळावरून भरून आणला. पाळकसाहेबांनीच मला रस्त्यात गाठून सांगितलं की रविवारी साक्षीच्या वेळी त्यांनी घड्याळ उलटं करून ठेवलं आणि दादांकडे बघत राहिले, पण दादा उठलेच नाहीत. सगळी मंडळी खोकायची थांबून वाट बघत होती म्हणे.

त्याच सुमारास बहात्तरचा दुष्काळ आला. आमच्या केदारखेड्याकडचं सगळं गाव खडी फोडायला लागलं. जमीनवाले आणि बिनजमीनवाले एका रांगेत बसून हातोडा मारत होते. मी गावी जाऊन आलो तेव्हा मायची बोटं बघवेनात. हातोडा दगडावर कमी आणि बोटावर जास्त पडायचा. बायकांनी पदराच्या मळक्या चिंध्या बोटांना बांधलेल्या. हे मी दादांना सांगितलं ते निव्वळ मन मोकळं करायला. दादा ताडकन उठले. "अन् हे आत्ता सांगून राह्यले तुमी? चला, जल्दी धरा!" धरायला काय, हे मी विचारेपर्यंत त्यांनी खुंटीवरचं धोतर टर्रकन फाडलं होतं.

मग रोज सकाळी दादा एसटीने भोकरदनच्या रस्त्यावर खडीच्या कामाकडे जायला लागले. धोतरं संपली, चादरी संपल्या, सत्काराची शालसुद्धा संपली. मग बायकोची पातळं निघाली, हिरवी, लाल, फुलाफुलांची. खडीवर बसलेल्या बायकांची बोटं रंगीबेरंगी दिसायला लागली. मुकादम म्हणाला, "काय बाबा, कुणाचं लगीन काढलं का?" माझी माय दादांवर उखडली. "असली चांगली धड पातळं फाडत असत्यात व्हय? बाईमाणसाची याद असती ती!" दादा तिच्या बोटाला पट्टी बांधत म्हणाले, "यादच बांधून राह्यलो, ताई. हात हलवू नका."

एका संध्याकाळी ट्रंकेच्या तळातून त्यांनी पांढरं पातळ काढलं. ख्रिस्ती नवरीचं लग्नातलं पातळ. घडीवर पिवळसर डाग पडले होते. माझ्या हातात टोक देऊन ते मागे मागे सरकत गेले आणि ते पातळ ओसरीभर पसरलं. मी म्हणालो, "दादा, हे राहू द्या." त्यांनी मान हलवली. "घालायची ती गेली. हे पेटीत ठिवून कसर खाणार, मास्तर. तिनं जन्मभर दुसरं टोक धरलं, येक दिवस न्हाई म्हणली न्हाई. ती असती तर आतापस्तोर तिनंच फाडलं असतं." फाडल्याचा आवाज आला आणि दादा पट्टी गुंडाळत माझ्याकडे यायला लागले. समोरासमोर आलो तेव्हा त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि मला टोक सोडून डोळे पुसता येत नव्हते.

पुढच्या साली पाऊस झाला, खडीची कामं बंद पडली, बाया शेतावर गेल्या. दादा पुन्हा ओसरीवर रिकामे बसले. आणि एका बाजाराच्या दिवशी माझी माय जालन्याला आली. तिच्या पदराच्या गाठीत एक पांढरी पट्टी होती, धुऊन, वाळवून, घडी केलेली. पट्टीच्या कोपऱ्यात मूठभर मूग बांधलेले, कारण घेतलेली वस्तू रिकामी परत करायची आमच्याकडे पद्धत नाही. दादा ती पट्टी हातात घेऊन उलटसुलट बघत राहिले. "परत आली?" त्यांनी विचारलं. मायला कळेना, हा माणूस एवढा का हबकला. "मंग? तुमची वस्तू. ठिऊन घेऊ का?"

मग येतच राहिल्या. बाजाराला येणाऱ्या बायांच्या गाठोड्यातून, एसटीच्या कंडक्टरच्या हाती, पार धावड्याकडून. कुणी बाजरी बांधलेली, कुणी गुळाचा खडा. दादा धान्य गल्लीत वाटून टाकायचे आणि पट्टी तेवढी ठेवायचे. मग एका रविवारी ते साक्षीला उठले आणि इतकं लांब बोलले की पाळकसाहेबांना शेवटचं गीत गाळावं लागलं. कुणी खोकलं नाही म्हणतात.

पुढे माझी बदली जांब समर्थच्या बाजूला झाली. लग्न झालं, संसारात पडलो, आज जाऊ उद्या जाऊ करता करता वर्षं गेली. मग एक दिवस कामासाठी जालन्याला आल्तो तेव्हा दुपारच्या वेळी गल्लीत शिरलो. नळावर भांडणाऱ्या बाया नव्हत्या, दोऱ्या नव्हत्या. दादा ओसरीच्या भिंतीला टेकून बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. त्यांच्या हातात एक पांढरी पट्टी, आणि तिचं दुसरं टोक समोरच्या दाराच्या कडीला बांधलेलं.

माझी पावलं ऐकून ते म्हणाले, "आले का? बरं झालं. कडीचं सोडा अन् धरा बरं."

कोण आलं हे त्यांना माहीत नव्हतं. जे कुणी येईल त्याला ते असंच म्हणत असणार, आणि बहुतेक कुणी येत नसणार. मी कडीची गाठ सोडली. गाठ कापडात रुतून बसली होती, सुटता सुटेना. पट्टी बघितली तर वीत वीत तुकडे एकाला एक शिवून केलेली. परत आलेल्या पांढऱ्या पातळाच्याच पट्ट्या त्या. ती दारापासून ओसरीच्या कडेला वळसा घालून त्यांच्यापर्यंत गेली होती.

"येवढी लांब कशाला शिवली, दादा?" मी विचारलं.

"लांब असली की माणूस जरा येळ थांबतो," ते म्हणाले.

ते गुंडाळत गुंडाळत पुढे सरकू लागले, आणि जवळ येता येता त्यांचा आवाज पूर्वीसारखाच उतरत गेला. "आता जखमा बांधायला डोळे न्हाईत. आता प्रभू मला येकाच कामाला वापरतो. वाट बघायला. तेबी काम कुणीतरी करावं लागतं." मग त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली. त्यांनी ती चाचपली, थोडा वेळ तशीच धरून ठेवली, आणि अगदी मलाच ऐकू येईल असं म्हणाले, "मास्तर व्हय?"

मी नुसता हुंकार भरला.

पट्टी संपली होती. बाहेर ऊन कलायला लागलं होतं आणि माझी शेवटची एसटी निघायची वेळ झाली होती. दादांनी ती घट्ट गुंडाळी तळहातावर तोलून बघितली, माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "जल्दी हाये का?"

"न्हाई दादा, बिलकुल न्हाई," मी म्हणालो, आणि पट्टीचं टोक धरून पुन्हा दारापर्यंत चालत गेलो.