वरची तार खाली

माझी शाळा चौथीत सुटली, पण मला वाचता आलं नाही असा कागद अजून निघालेला नाही. हे मी आळेफाट्याच्या व्याह्यांसमोर बोललो, तिथंच फसलो.

व्याही म्हणजे आमच्या सुनेचे वडील, गॅरेजवाले. नात सायली सुट्टीला आमच्याकडं शिनोलीला आली होती, तिची गिटार भिंतीला टेकलेली. नातीला भेटायला आलेले व्याही गिटारकडं बघून म्हणाले, "पावणं, ह्ये वाचून वाजवायचं असतं. तुमचं काम न्हाई." मी म्हणालो, रविवारी मटण खायला या, वाजवूनच दाखवतो.

सायलीनं एका सोप्या चालीचा कागद दिला. सहा तारांच्या सहा रेघा, त्यांवर आकडे. आकडा सांगेल त्या पट्टीत तार दाबायची. (वीजबिल यापेक्षा अवघड असतं!) पण पोरगी म्हणाली, "आबा, कागदावरची सगळ्यात वरची रेघ म्हणजे गिटारची सगळ्यात खालची तार."

"वरचं ते वरच. भाताची खाचरं खालनं वर भरत्यात व्हय?"

"सगळं जग असंच वाचतं, आबा."

"चुकू दे जगाला."

माझ्या पद्धतीनं वाजवलं तेव्हा म्हैस दावं तोडायला उठली. बायकोनं बजावलं, ती आटली तर व्याह्यांना कोरा चहा पाजीन. मला बसवेना, उठवेना. ओट्यावरून गोठ्यात, गोठ्यातून ओट्यावर. जेवताना बोटं भाकरीवर तारा चाचपायची. पण माघार? छट्!

शनिवारी मी गिटारच उलटी धरली. खालची तार आली वर, रेघेच्या जागी. उजव्या हातानं दाबायचं, डाव्यानं छेडायचं. चाल बिनचूक! म्हणजे मी बरोबर होतो, गिटारच बनवणाऱ्यानं चुकवलेली.

रविवारी व्याह्यांसमोर वाजवली. त्यांनी माझे दोन्ही हात निरखून बघितले. मग म्हणाले, "पावणं, तुमी डावरे हाय?"

सायलीनं तोंड उघडलं. ती खरं सांगायच्या आत मी म्हणालो, "जन्मापासनं."

"कधी ध्यानात नाय आलं. आता जेवताना बघतो," म्हणत ते पंगतीला माझ्या शेजारीच टेकले.

ताट आलं. व्याह्यांची नजर माझ्या हातांवर. डावा घातला तर बायको सगळ्यांदेखत खोटं उघडं पाडणार, उजवा घातला तर व्याही. मी ताट सरकवलं.

"माझा आज उपास हाय."

"कसला?" बायको म्हणाली. "सकाळपासनं रस्सा चाखताय की."

व्याह्यांनी माझी वाटी आपल्याकडं ओढली, भुरका मारला आणि म्हणाले, "लई झ्याक. मग रिकामंच बसलाय तर वाजवा की अजून."

वाजवली. उपाशीपोटी, डाव्या हातानं.