धनपालच्या काळ्या काचा

तीन आठवडे झाले. धनपालच्या घरून वहिनींचा फोन शेजाऱ्यांकडे आला. ‘भावजी, हे गेले...’ एवढंच. मी रिसीव्हर असा आपटला, की शेजाऱ्यांना नवा घ्यावा लागला. लोकांना रडू येतं. मला राग आला. अजून उतरलेला नाही.

धनपाल आणि मी माधवनगरच्या शाळेतले. मी फौजेत गेलो, निवृत्त होऊन साताऱ्यात राहिलो. तो सांगलीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा आणि उरलेल्या वेळात काचा काळ्या करायचा. शिशाच्या क्षाराच्या द्रावणात काच बुडवून ठेवायची, तिच्यावर काळा थर धरायचा. थराचे कण एवढे बारीक, की त्यांच्यापुढे मोहरी म्हणजे अजिंक्यतारा! ‘नॅनो’ हा शब्द तेव्हा आमच्याकडे कुणाच्या तोंडी नव्हता. कण नेमके जमले, की तापल्या वस्तूतून निघणारे, डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण तो थर पकडणार, असा त्याचा ध्यास. सात वर्षं जमेना. मग एका दिवाळीच्या सुट्टीत जमलं. त्यानं काच मीटरला जोडली, प्रयोगशाळेच्या खिडक्या लावून अंधार केला, पार टोकाला तापलेली इस्त्री ठेवली.

‘इस्त्री दिसती का रं गड्या?’

‘न्हाई.’

‘हिला दिसती!’ मीटरचा काटा टणकन उडाला.

म्हसवडला चूल पेटली तरी सांगलीत काटा हलतो, असं मी साताराभर सांगत सुटलो. ‘दहा पावलं रं, दहाच!’ म्हणून तो चिडायचा.

बाहेरून तपासणी समिती येणार होती. तिला हे दाखवलं, की पुढच्या कामाला दारं उघडणार. आदल्या दिवशी मला बोलवायला तो स्वतः साताऱ्याला आला आणि मी त्याला जेवायला अडवून धरला, शेवटची एसटी चुकवली. इकडे प्राचार्यांनी समितीसाठी प्रयोगशाळा चकाचक करायला घेतली. काजळी धरलेल्या काचा म्हणून त्या सगळ्या काचा स्वतः उभं राहून पावडरीनं घासून घेतल्या! समितीनं स्वच्छतेचं कौतुक केलं.

धनपाल पुन्हा काचा बुडवत राहिला. काटा हलायचा, पण तसा उडाला नाही कधी. चार वर्षांनी त्याचं हृदयच थांबलं...

शोकसभेत प्राचार्य म्हणाले, ‘सरांची प्रयोगशाळा आरशासारखी असायची.’ मी उठलो. ‘आवं साहेब, ती तुमी घासली म्हणून!’ त्यांनी चष्मा पुसला आणि पुढचं वाक्य वाचलं.

तिथून धनपालच्या घरी गेलो. स्वयंपाकघराच्या फळीवर काचेचं एक भांडं होतं, आतून काळंभोर. थर भांड्यालाही धरतो ना. वहिनी म्हणाल्या, ‘त्या दिवाळीत काचा बुडवल्या होत्या, ते भांडं हेच. फोडून तुकडा मीटरला लावून बघतो म्हणायचे. पण फोडताना थर उडाला तर... म्हणून धीर व्हायचा नाही.’

एवढ्यात भांडी घासणाऱ्या बाईंनी त्याला हात घातला. वहिनी एकदम ओरडल्या, ‘ते घासायचं न्हाई!’