पिनेवरचा टाका

मला राग आला की हात थरथरतात, आणि माझं पोट हात स्थिर ठेवण्यावर चालतं. हैदराबादेत, काचीगुड्यातल्या आमच्या घरात सगळेच तापट. वडील जेवणाचं ताट भिरकवायचे, मी तोंडानं भागवते. त्या दुपारी मात्र तोंडानं भागलं नाही.

मी कारखान्याकारखान्यात जाऊन पोलादाचा कडकपणा तपासते. खांद्यावर पेटी, पेटीत यंत्र, यंत्राला वायरनं जोडलेला जाड पेनाएवढा प्रोब. त्याच्या टोकाला हिऱ्याचा कण असतो आणि आतली दांडी कानाला ऐकू न येणाऱ्या वेगानं थरथरत असते. हिरा पोलादावर दाबला की मऊ पोलादात जास्त रुततो, कडक पोलादात कमी. तशी दांडीची थरथर बदलते आणि पडद्यावर आकडा येतो, पोलाद जितकं कडक तितका मोठा. पण प्रोब सरळ आणि स्थिर धरला नाही तर आकडा वाट्टेल तो येतो.

तारनाक्याच्या पुढं, रुळांपलीकडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेशन शेडच्या मालकानं तातडीनं बोलावलं होतं. आदल्या दिवशी तिथं क्रेनच्या क्लॅम्पची पिन तुटली होती. वर उचललेली लोखंडी प्लेट खालच्या पोराच्या हातावर पडली. सकाळी दवाखान्यात त्याचा पंजा कापावा लागला. त्या पिनेला कडकपणा दिला होता मागच्या गल्लीतल्या भट्टीवाल्या काकांनी. काका मूळचे परभणीकडचे, माझ्याशी मराठीत बोलणारे, म्हणून मला जरा जवळचे.

मी शेडमध्ये शिरले तेव्हा काका जमिनीवर होते. दोघांनी त्यांचे हात मागं पिरगाळले होते आणि त्या पोराचा थोरला भाऊ, शेडमधला वेल्डर, बुटानं त्यांच्या बरगड्यांत लाथा घालत होता. काकांच्या तोंडातून रक्त सदऱ्यावर सांडत होतं. मालक खुर्चीवर बसून बघत होता.

"ये बुड्ढा पिन जला दिया! मेरे भाई का हाथ गया!" वेल्डर ओरडत होता.

पोलाद तापवून तेलात बुडवलं की कडक होतं. मग पुन्हा बेतानं तापवून तो कडकपणा थोडा उतरवावा लागतो. हे दुसरं तापवणं काकांनी चुकवलं, म्हणून पिन काचेसारखी तडकली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

"ताई, भट्टी बरोबर होती. आईच्यान," काका कसेबसे म्हणाले. तेवढ्यात वेल्डरनं शेजारचा पाइप उचलला.

मी खांद्यावरची पेटी त्याच्या कानशिलावर हाणली. सगळा जोर लावून. तो भेलकांडत बाकावर आदळला. भुवई फुटली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? कुणीतरी माझी वेणी धरून मागं ओढली, मी त्याच्या मनगटाला चावले. शेवटी मालकाला कंठ फुटला. "अरे मॅडम को छोडो! टेस्ट होने दो पहले!"

बाकावर पिनेचा तुकडा होता, लाटण्याइतका जाड, वंगणानं माखलेला. मी तो पुसला, शिकंज्यात आवळला, ग्राइंडरनं घासून चकचकीत केला आणि प्रोब टेकवला. अठ्ठावीस. मग छत्तीस. मग बावीस. काकांना दिलेली ऑर्डर तिसाच्या कडकपणाची होती. हात पानासारखे थरथरत होते.

"छत्तीस! देखो, छत्तीस आया!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि काकांच्या पाठीत पुन्हा लाथ बसली.

मला कळून चुकलं की माझ्या हातून आता खरा आकडा निघणार नाही, आणि खोट्या आकड्यावर हे लोक काकांना जिवंत सोडणार नाहीत. मी प्रोब वेल्डरच्या पुढ्यात धरला.

"तुम लगाओ. वेल्डर का हाथ है, हिलता नै."

"मैं कैकू?"

"मेरे पे भरोसा नै ना? फिर खुद देखो."

भुवईतून गळणारं रक्त त्यानं बाहीनं पुसलं. आधी मी त्याला कडकपणा ठाऊक असलेल्या नमुन्याच्या ठोकळ्यावर दाबायला लावलं. आकडा बरोबर आला. मग पिनेवर. एकतीस. तीस. एकतीस. त्याचा हात खरोखर दगडासारखा होता. शेडमध्ये कुजबुज सुरू झाली. काकांना धरणाऱ्यांनी हात सैल केले.

"झूट है," तो म्हणाला. "मैं कित्ती फिकर करा मालूम? ये पिन बार बार सरकता था. भाई के ऊपर गिरना नै बोलके मैंच टाँका मारके बिठाया था."

असल्या पोलादावर वेल्डिंगचा एवढासा टाका मारला तरी तेवढीच जागा लालभडक तापते आणि लगेच थंड होते. तिथं पोलाद काच होतं, आणि तडा तिथूनच सुरू होतो. पिन घट्ट बसली असं टाका मारणाऱ्याला वाटतं. हे मी त्याला हळुवारपणे सांगू शकले असते. पण काकांचं तोंड बघून मला तसं सांगायचं नव्हतं.

"टाँका किधर मारे थे?"

त्यानं बोट ठेवलं. तुटलेल्या कडेलाच वाटाण्याएवढा व्रण होता.

"उसके बाजू में लगाओ."

चोपन्न. त्यानं पुन्हा दाबला. पंचावन्न. बोटभर अलीकडे, एकतीस. परत कडेला, चोपन्न. मग त्यानं प्रोब बाकावर ठेवला. मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

मालक मात्र खुर्चीतून उठला आणि त्यानं वेल्डरच्या थोबाडीत दिली. मघाशी काकांना धरणाऱ्या दोघांनी आता याला धरलं. पाइप दुसऱ्याच कुणाच्या हातात होता. तो वेल्डरच्या खांद्यावर बसला, मग पाठीवर. वेल्डरनं सुटायची धडपड केली नाही. मी मध्ये पडले नाही.

बाकावर त्याचा फोन वाजला. पडद्यावर धाकट्या भावाचा हसरा फोटो. पाइप थांबला, धरणाऱ्यांनी त्याला सोडलं. कुणीच फोन उचलेना. काका बाकाचा आधार घेत उठले, रक्ताची गुळणी थुंकले, स्पीकर चालू केला आणि फोन वेल्डरच्या तोंडापुढं धरला.

"भाई," पलीकडून औषधानं जडावलेला आवाज आला, "बुड्ढा माना क्या?"

"वो... वो नै करा रे. वो टाँका..."

"टाँका? वो तो तुम मेरे वास्ते मारे थे ना. उसका क्या हुआ?"

वेल्डर फोन बंद करायला गेला. पिनेवर जराही न हललेला तो हात आता थरथरत होता. काकांनी त्याचं मनगट पकडलं, बोटं पांढरी पडेपर्यंत आवळलं आणि सोडलं नाही.

"बोल," काका म्हणाले. "बोल उसको."