डबा धुऊन पाठवू नये

"खरकटं बघून कुणाचा धंदा मोठा झालाय का आई? एकाचं नाव सांग!" आनंदराजनं हातातला कागदी डबा ओट्यावर आपटला. नमुन्याचा होता. नुसता फसकन वाजला.

"वाजत बी न्हाई धड," सरजाबाई म्हणाल्या.

"खायचा आन् फेकायचा. परत आणणं न्हाई, घासणं न्हाई. वसतिगृहाचे अमृतराव उद्याच उत्तर मागून राहिलेत. तीनशे पोरांचा ठेका हाय. अट एकच, स्टीलचे डबे नकोत."

"मग घासणाऱ्या चौघींनी काय करायचं? किल्लारीला जाऊन भिंतीकडं बघत बसायचं?"

"लाटायला लावू त्यांना."

"आन् मला खरकटं कोण दावणार?"

महामाया परातीपाशी बसून ऐकत होती. नांदेडहून लग्न होऊन आल्याला तिला तीन महिने झाले होते, आणि हे भांडण या आठवड्यात तिसऱ्यांदा. सासूची मेस लातूरच्या शिकवणी वर्गांच्या गल्लीत. दारावर रंगवलेलं होतं, 'डबा धुऊन पाठवू नये.' पहिल्या दिवशी तिला वाटलं, रंगवणारा चुकला. तिच्या माहेरी कुणाचा डबा खरकटा परत केला असता तर आईनं दोन दिवस बोलणं टाकलं असतं.

इथं दुपारी साडेतीनला रिक्षातून साठ डबे परत येत. सरजाबाई पाटावर बसून एकेक उघडत. त्यांनी बघेपर्यंत घासणाऱ्यांनी हात लावायचा नाही. बघता बघता त्या बोलत, "बेचाळीसची दाढ दुखून राहिली. कडा ठेवल्यात भाकरीच्या, मधलं तेवढं खाल्लंय." दुसऱ्या दिवशी बेचाळीसला मऊ खिचडी जायची.

हे कुठून आलं, हे महामायानं शेवटी पार्वतीबाईंना विचारलं होतं. पार्वतीबाई सासूच्याच गावच्या, किल्लारीच्या, भाकरी थापणाऱ्या.

"भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात राहात होतो ना आम्ही," त्या म्हणाल्या. "मदत लई आली. भाताचे ढीग. पण घास उतरत नव्हता कुणाला. सरजाक्का ताटं उचलायची. माझ्या घरात कुणी उरलं नव्हतं. दोन दिवस मी ताट तसंच सारलं. तिसऱ्या दिवशी ही पुढ्यात येऊन बसली. मी जेवेपर्यंत उठली न्हाई."

"आणि मेस?"

"ती मागून. आधी लोक इचारायचे, सैपाक कोण करतं, कोणाच्यातली हाय. आता इचारतात, जागा हाय का. वहीत नावं लिहून ठेवलीत अडीचशे."

"पण धुऊ नये, हे कशाला?"

पार्वतीबाईंनी पीठ झटकलं. "देगलूरची एक पोरगी होती, अपूर्वा. तिचा डबा आरशासारखा यायचा. आम्ही म्हणायचो, वळण बघा पोरीचं. नऊ दिवस! दहाव्या दिवशी वर्गात चक्कर येऊन पडली. जेवण कागदात गुंडाळून टाकायची आन् डबा घासून द्यायची. खरकटा डबा दुसऱ्याला देऊ नये, हे घरचं वळण. परीक्षेत मागं पडली होती, कुणाला सांगंना. सरजाक्का आठ दिवस तिच्या खोलीवर जेवण घेऊन गेली. आता शिकवती गावाकडं शाळेत. त्या दिवसापासून हा नियम."

तेव्हापासून महामायाही डबे बघायला लागली होती, न सांगता, घासणाऱ्यांच्या मागं उभी राहून.

आजही मायलेकांचं चाललेलं असताना तिनं एक डबा ओढला. अठ्ठावीस नंबर. झाकण काढून बघत राहिली.

"आत्या, हा बघितला का?"

"बघितला. रोज चाटूनपुसून खातंय लेकरू. त्यात काय बघायचं?"

"कढीपत्ता बघा. थोडा झाकणात ठेवलाय, नीट एकावर एक पान. थोडा डब्यात, चावून टाकलेला. एक माणूस दोन तऱ्हांनी कशाला जेवंल? यातून दोघं जेवून राहिलेत."

आनंदराज हसला. "झालं! आता दोघी दोघी!"

सरजाबाई हसल्या नाहीत. त्यांनी डबा उजेडाकडं धरला. पानं बोटानं हलवून बघितली. मग डबा मांडीवर ठेवला.

"रोज असंच असतंय का?" त्यांनी विचारलं.

"चार दिवस तरी. मला आधी नीट उमगलं नव्हतं."

"चार दिवस." सरजाबाईंनी डोळ्यावरचा चष्मा काढून पदरानं पुसला. "माझ्या हातातनं गेला की हा डबा रोज. साठालाच पुरंना माझी नजर."

"तेच म्हणून राहिलो मी," आनंदराज लगेच म्हणाला, "तुझ्यानं व्हत न्हाई आता. तीनशे कसे बघणार तू?"

"मी न्हाई बघणार."

घासणाऱ्या चौघी नळ बंद करून इकडं बघायला लागल्या. पार्वतीबाईंचा हात परातीत तसाच राहिला.

सरजाबाई पाटावरून उठल्या. अठ्ठावीस नंबरचा डबा महामायाच्या हातात दिला.

"डबे तीनशेच करायचे, आताचे साठ आन् बाकी वहीतल्या नावांचे. स्टीलचे. एका बाईकडं पन्नास, जास्त एक न्हाई. या चौघी, पार्वती आन् माया. शिधा माझ्याकडनं, त्याचे पैसे कापून जिचे डबे तिची कमाई, बघायचं बी तिनंच. आनंदा, अमृतरावाला न्हाई म्हणून कळव आन् आणखी एक रिक्षा बघ. अठ्ठावीसला उद्यापासून दोन डबे जातील."