शेवंतीच्या तरव्यातला चिखल

शिरवणवाड्यावर देव बुडवायचा ठरला, तेव्हा शेवंती गावस तरव्यात घरातले वापरलेले पाणी ओतत होती. तांदूळ-मासळी धुतलेले पाणी वेगळ्या बादलीत, कपडे पिळलेले वेगळ्या. एका बादलीला माशाचा वास येत होता, दुसरीवर साबणाचा फेस होता. तरवा म्हणजे लावणीसाठी वाढवलेली भाताची कोवळी रोपे आणि ती वाढवायचा वाफाही. तिची रोपे वीतभर वाढून थांबली होती आणि टोके जळल्यासारखी तपकिरी झाली होती.

जुलै अर्धा सरला होता. जूनमध्ये पावसाने आठवडाभर रस्ते उखडले, झाडे पाडली, वीज घालवली आणि तो निघून गेला. त्यानंतर आभाळ रोज भरून यायचे, अंग घामाने चिकट करायचे आणि घाटाकडे सरकायचे. शेवंतीच्या मुलाने, गौरेशने, तालुक्याच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडून उत्तर आले की आजवरचा पाऊस सरासरीपेक्षा जास्तच आहे, काळजीचे कारण नाही. आकडा खोटा नव्हता. जूनच्या त्या एका आठवड्याने साऱ्या हंगामाची अब्रू राखली होती.

"सरासरी खंय पडली ती दाखव म्हण त्येका," शेवंती म्हणाली. "मी थंयच जाऊन लावणी करतंय."

शेवंती साठीची आहे. माहेर दोडामार्गाकडचे. लग्न होऊन गोव्यात डिचोली तालुक्यातल्या या वाड्यावर आली आणि पहिली बारा-पंधरा वर्षे तिने शेतापेक्षा खाणीचीच माती जास्त उचलली. नवरा सुर्ल्याच्या बाजूला खनिजाचा ट्रक चालवायचा. खाण खोल गेली तशा वाड्यावरच्या विहिरी आटल्या आणि देवळाखालची झर बारीक झाली. पुढे खाण बंद पडली, नवरा वारला, आणि तिच्या वाट्याला देवळाच्या पायथ्याचे पाच कुणगे, म्हणजे भाताचे लहान तुकडे, राहिले. खाणीचा खड्डा मात्र बारा महिने हिरव्या पाण्याने भरलेला असतो. त्याच्याबद्दल विचारले तर ती थुंकते.

देव बुडवणे ही इथली जुनी रीत. ऐन पावसाळ्यात पाऊस गेला की गाभाऱ्याचे दार फळ्या आणि चिखलाने बंद करायचे, आत पाणी भरायचे आणि पिंडी पूर्ण बुडेपर्यंत थांबायचे नाही. पाणी घरटी एक कळशी, तेही झरीचे. दार लिंपण्याचा मान गावसांच्या घराचा आणि चिखलही त्यांच्याच कुणग्यातला. गेली कित्येक वर्षे ही वेळ आली नव्हती. आता मान गौरेशकडे होता. तो वास्कोला बंदरात कामाला असतो आणि लावणीसाठी रजा घेऊन आला होता.

झरीत यंदा कळशी बुडण्याइतके पाणी नव्हते. म्हणून देवस्थान समितीच्या अध्यक्षाने, निलेशने, आपला टँकर आणायचे ठरवले. निलेश कंत्राटदार आहे. उन्हाळ्यात त्याचे टँकर पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांना पाणी पुरवतात. शेवंती चार दिवसांपूर्वीच त्याच्या दारात जाऊन आली होती. तरव्यापुरते पाणी सोड, पैसे देते, म्हणाली होती. तेव्हा तो हसला होता. "काकी, पावसाळ्यात टँकर? लोक माका वेडो म्हणतले."

आता तोच टँकर देवळाच्या अंगणात उभा होता. बाहेर निळ्या अक्षरांत 'पिण्याचे पाणी' लिहिलेले, आत खाणीच्या खड्ड्यातले पाणी. झाकण उघडले तेव्हा शेवाळाचा आणि डिझेलचा वास अंगणभर पसरला. कोणीतरी वरून तुळशीची पाने टाकली.

अडचण दारापाशी आली. दोन वर्षांपूर्वी देवळाचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा चिऱ्याचा गुडघाभर उंच उंबरठा काढून टाकला होता. उद्घाटनाला येणारे पाहुणे ठेचकाळतात, असे समितीला वाटले. त्या जागी चकचकीत ग्रॅनाइटची पट्टी बसली, बोटभर उंचीची. पूर्वी दोन टोपल्या चिखलात काम भागायचे. आता पाणी अडवायचे तर तळापासून जाड भिंतच लिंपावी लागणार होती.

निलेश दोघा सभासदांना घेऊन शेवंतीच्या बांधावर आला. पांढरा शर्ट, हातात दोन फोन.

"काकी, चिखल व्हरूक आयलंव."

"ने की. त्या चार कुणग्यांतलो ने."

तरव्याचा एक सोडला तर बाकीचे चार कुणगे भेगाळून पडले होते. पाऊल टाकले की ढेकळे खळखळत. तसली ढेकळे भिजवून लिंपायला गेले तर लापशी होते. चिखल चिकट व्हायला तो आठवडाभर भिजवून तुडवावा लागतो. वाड्यावर तसा चिखल एकाच जागी होता, तरव्यात.

"तरव्यातलो होयो," निलेश म्हणाला.

"तरव्यातलो चिखल काढलो तर तरवो खंय ठेवू? तुझ्या डोक्यार?"

एक सभासद हसला आणि निलेशने पाहिल्यावर ढेकळे पायाने उकरू लागला.

"देवाचा काम आसा, काकी."

"माझो तरवो कोणाचो? आधी माझ्या तरव्यात पाणी सोड. पोट भरून. मागीर एका कडेचो चिखल माझो गौरेश काढून देतलो."

"त्या पाण्याचो संकल्प जालो. आता ता दुसरीकडे कसा सोडू?"

"चार दिसांआधी खंय जालो हुतो संकल्प?"

निलेश म्हणाला की देवाशी सौदा करणारी बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली. शेवंती म्हणाली, सौदा देवाशी नाही, टँकरवाल्याशी चालला आहे. आणि तिने बादली उचलली.

तासाभरात डिचोलीच्या बाजारातून प्लायवूड आणि सिलिकॉनच्या नळ्या आल्या. न्हाणीघराच्या फरशा बसवणाऱ्या माणसाला बोलावून गाभाऱ्याचे दार बंद केले. पाईप आत सोडला. पाणी ढोपराच्या वर गेले तेव्हा प्लायवूड फुगले, सिलिकॉनची पट्टी सालीसारखी सुटली आणि हिरवट पाणी सभामंडपात पसरले. सतरंज्या, वायरी, साऊंडचे खोके, पावती फाडायचे टेबल, सगळ्यांखाली ते गेले. बायकांनी साड्या उचलून धरल्या. सिलिकॉन, कापूर आणि शेवाळ यांचा मिळून जो वास सुटला, तो संध्याकाळपर्यंत गेला नाही. टँकर अर्धा रिकामा झाला होता आणि दुसरा किनाऱ्यावरच्या हॉटेलात अडकला होता.

निलेश पुन्हा बांधावर आला. या वेळी एकटाच. त्याची पॅन्ट घोट्यापर्यंत भिजली होती.

"सोडतंय पाणी," तो म्हणाला. "बेगीन आटप."

देवळाच्या अंगणातून पाईप खाली सोडला. शेवंतीने त्याचे तोंड स्वतः धरले. वास आला तेव्हा तिने मान वळवली, पण पाईप सोडला नाही. वरून कोणीतरी ओरडले, "पुरे गो शेवंते, देवाक ठेव!" तिने वर पाहिले नाही. तरवा काठोकाठ भरला आणि पाणी बांधावरून झिरपू लागले, तेव्हा तिने हात वर केला.

मग गौरेशने पूर्वेच्या कडेची रोपे उपटून बाजूला ठेवली आणि खालचा काळा चिखल टोपल्यांत भरला. दार लिंपायला त्याला फार वेळ लागला नाही. ही भिंत फुटली नाही. पाणी चढत गेले आणि टँकर संपला; खाणीवरून पुन्हा भरून आणायला रात्र झाली असती. पिंडीचा माथा चार बोटे उघडा राहिला.

भटजी म्हणाले, असे अर्धवट चालत नाही. आता घराघरांतून कळश्या आणाव्या, अशी कोणाचीच तयारी नव्हती. घरातही तेवढे पाणी नव्हते. निलेशने फोन केला. नाक्यावरच्या दुकानातून थंड पाण्याचे वीस-वीस लिटरचे जार रिक्षात घालून आले. त्यांची प्लास्टिकची सील दाताने फोडून पाणी भिंतीवरून आत ओतले गेले आणि पिंडी बुडाली. घंटा वाजली. रिकामे जार हातात धरून समितीने फोटो काढला, तो त्याच संध्याकाळी वाड्यावरच्या सगळ्या फोनवर फिरला.

पाऊस आला तो पुढच्या आठवड्यात. मुंबईपासून केरळपर्यंत सगळ्या किनाऱ्यावर आला, पण शिरवणवाड्याच्या नाक्यावर समितीने स्वतःच्या अभिनंदनाचा फलक लावला. त्या पावसातही काही जण म्हणत राहिले की शेवंतीने पाणी पळवले नसते, तर तो आधीच आला असता.

वाड्यावर लावणी एकमेकांच्या मदतीने होते. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. यंदा शेवंतीकडे कोणी आले नाही. तिने, गौरेशने आणि सुनेने, गौरवीने, लावणी सुरू केली. रोपे बहुतेक वाचली होती. वाड्यावरचे बाकीचे तरवे, दोन-चार सोडले तर, करपून गेले होते.

तिसऱ्या दिवशी निलेश छत्री घेऊन बांधावर उभा राहिला.

"काकी, समितीन ठरयला. दाराक स्टीलचा गेट बसवतलंव, रबराचो पट्टो घालून. फुडे चिखलाची गरज पडूची नाय. गौरेशाक वास्कोसून येवचो तरास नको."

घराण्याचा मान असा गेला. गौरेश उभा राहून ऐकत होता. शेवंती वाकलेली होती, तशीच राहिली.

"बरा केलंस," ती म्हणाली. "आनी?"

निलेशने छत्री दुसऱ्या हातात घेतली. "आमचो तरवो गेलो. भावाचो पण. तुझो उरतलो काय थोडो?"

शेवंती सरळ झाली. उरणार होता; सगळी रोपे लावायला तिच्याकडे माणसे नव्हती. तिने उपटलेल्या रोपांची एक जुडी उचलली आणि त्याच्यासमोर धरली. मुळांतून चिखलाचे पाणी गळत होते.

"घे. पण आधी माझो ह्यो कुणगो लावून दी. मागीर उरतली ती सगळी तुझी."

निलेशने जुडीकडे पाहिले, मग कुणग्याकडे, मग आपल्या बुटांकडे. "माणसां धाडतंय," तो म्हणाला आणि फोन कानाला लावला. लावणीच्या दिवसांत मोकळी माणसे बहुधा पलीकडेही कोणाकडे नव्हती. तो बोलत बोलत बांधावरून रस्त्याकडे गेला.

शेवंतीने थोडा वेळ वाट पाहिली. मग जुडीची गाठ सोडली आणि त्यातली रोपे स्वतःच लावायला घेतली.