योगिनीचे लाल ठिपके

योगिनी खांबेटे लोकांच्या परसदारी डोकावते आणि फाटकांचे फोटो काढते, अशी पुडी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या मराठी मंडळींत कोणीतरी सोडली. आता डोकावायचं खातं गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. ते परस्पर दुसरीला दिलेलं मला कसं खपेल? मी तडक तिच्या घरी गेले, तर बाई नकाशा काढत बसलेली.

कोरोनाचं दुसरं वर्ष. हिची नोकरी गेली होती, म्हणून तिने डबे सुरू केले. डबा मागच्या फाटकाशी ठेवायचा, बेल दाबून लांब व्हायचं. पण इथली घरं एकाला झाका, दुसऱ्याला काढा, आणि मागच्या गल्ल्या फोनच्या नकाशात नसतातच. शिवाय थंडीत फोन मान टाकतो. मग हिने सह्याद्रीतल्या ट्रेकचा जुना जीपीएस सायकलच्या हँडलला बांधला. त्याची बटणं हातमोज्यांतून दाबता येतात. फुकटचं सॉफ्टवेअर घेऊन शहराच्या नकाशावर गल्ल्या काढल्या, फाटकं रंगीत ठिपक्यांनी टाकली आणि सगळं जीपीएसच्या कार्डावर चढवलं. पहिल्या खेपेला कालवा आणि सायकलवाट एकाच निळ्या रंगात आले. डबे घेऊन बाई थेट पाण्याच्या काठावर! दुसऱ्या खेपेला नकाशा असा झाला की डबा गरमच पोचायला लागला.

इथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष दत्ता याला त्याचा वास लागला. "मदतीला उपयोग होईल," म्हणत त्याने तो नकाशा हिच्या नवऱ्याकडून, आशुतोषकडून मागून घेतला. आशुतोष सज्जन, म्हणजे बायको सोडून कोणालाही नाही न म्हणणारा. तिला न विचारता त्याने फाइल देऊन टाकली.

दत्ताने नकाशाचं चित्र मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. खाली ओळ: "लाल ठिपक्यांच्या घरांपासून जपा. जास्त विचारू नका."

मला त्या ग्रुपमधून केव्हाच काढलंय, बातम्या फुटतात म्हणून. नाहीतर तिथेच त्याची हजामत केली असती.

एक लाल ठिपका गावाच्या पार टोकाला, पद्मजाकाकूंच्या घरावर होता. काकू एकट्या. बर्फावरून घसरून पाय प्लास्टरमध्ये. मंडळातली माणसं पाळीपाळीने त्यांचं सामान आणून देत. ती यायची बंद झाली. फोनसुद्धा नाही. शनिवारी योगिनी त्यांचा आठवड्याचा डबा आत द्यायला गेली, तर काकू कोऱ्या चहात बिस्कीट बुडवून खात होत्या. घरात दूध नव्हतं.

"माझं काही चुकलं का गं?" काकूंनी विचारलं. "कुणाला वावगं बोलले का मी?"

योगिनीने आधी दूध आणून दिलं. मग फोनवर ग्रुप उघडला, दत्ताने टाकलेलं चित्र पाहिलं, आणि तिची सायकल त्याच्या घराकडे सुटली. वाटेत मी दिसले तशी तिने मला सगळं सांगितलं, मग मीही मागोमाग. असा तमाशा कोण सोडतं?

दत्ता मास्क हनुवटीवर घेऊन अंगणात उभा होता.

"लाल म्हणजे काय, मला विचारलंत?" हिने विचारलं.

"अगं, लाल म्हणजे धोका. शेंबड्या पोरालाही कळतं."

"लाल म्हणजे तिखट जास्त! काकू कोल्हापूरच्या. त्यांना रस्सा झणझणीत लागतो."

दत्ता चक्क हसला. "हात्तिच्या! मग गैरसमज झाला म्हणायचा. मी आपलं काळजीपोटी टाकलं. तूही ना, राईचा पर्वत करतेस."

माझा हात चपलेकडे जात होता. योगिनीने मात्र जीपीएस हँडलवरून काढला आणि त्याच्या नाकासमोर धरला. दत्ताच्या घरावर लालभडक ठिपका. तोही तिखटखाऊच. मग तिने फोनवर त्याने ग्रुपवर टाकलेलं चित्र उघडलं. ते बरोब्बर त्याच्या घराच्या अलीकडे कापलेलं होतं.

दत्ताने मास्क नाकावर ओढला.

योगिनी म्हणाली, "स्वतःच्या घरावरचा ठिपका बघून तुम्हाला लगेच कळलं, की हा आजाराचा नाही. काकूंच्या ठिपक्याला तीच अक्कल का नाही लावलीत? आता दूध घ्या, काकूंकडे जा आणि त्यांच्या तोंडावर हे सांगा. तोवर माझ्या नकाशात तुमचं घरच नाही."