छत्तीस तारांचं चाक

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका हट्टी माणूस अख्ख्या वसई तालुक्यात झाला नाही. झाला असलाच तर तो त्यांचा थोरला भाऊ, आणि तो बिचारा आता नाही. आम्ही विरारच्या मनवेलपाड्यात राहायला आलो तेव्हा आमच्या बिल्डिंगीत पाणी एक दिवसाआड यायचं आणि जिन्यात कायम एक सायकल आडवी असायची. काळी, सडपातळ, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं. ती ओलांडताना माझ्या लेंग्याची नाडी पेडलात अडकली आणि वरून आवाज आला, "हात लावू नका मास्तर, रेसर आहे. बोटीवरनं आलेली." दिवसातून चाळीस वेळा पोरांना 'हात लावू नका' म्हणणारा मी शाळामास्तर, मला कोणी तसं म्हणायची सवय नव्हती. पण वर पाहिलं तर मिशा दिसल्या. मी नाडी सोडवून घेतली.

काका मूळचे वसईच्या किनाऱ्यावरच्या पाचूबंदरचे. घर मासेमारीचं, पण हे स्वतः एका कारखान्यात फिटर. त्या रेसरवरून ते कामाला जात, बाजाराला जात, लग्नाला जात आणि मयतालाही जात. एके दिवशी रस्त्यात खणून ठेवलेल्या चरात सायकल गेली. काकांना खरचटलं देखील नाही, पण मागचं चाक तळलेल्या पापडासारखं वाकडं झालं. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने ते फिरवून पाहिलं आणि मान हलवली. "काका, इसका आउट नहीं निकलेगा. नया डालो." आउट म्हणजे चाकाचा वाकडेपणा. नवं टाका म्हणणं सोपं होतं. आपल्याकडच्या सायकलींना पुढच्या चाकाला तारा बत्तीस, मागच्याला चाळीस. या परदेशी बयेच्या मागच्या चाकाला छत्तीस! छत्तिसाचं चाक मिळे ते पोरांच्या सायकलीचं, बुटकं. उंचीला बरोबर मिळे त्याला तारा चाळीस. "बीच का माल नहीं आता," सायकलवाला म्हणाला, आणि काकांच्या आयुष्याची पुढची तीन वर्षं कामी आली.

तेव्हापासून काकांना मोजायचं वेडच लागलं. कुठेही चाक दिसलं की हे उकिडवे बसणार आणि ओठ हलायला लागणार. एकदा बँकेच्या दारात कुणाच्यातरी सायकलीशी ते असे बसलेले असताना मालक बाहेर आला आणि चोर समजून त्याने काकांची कॉलर धरली. काका उलट त्याच्यावरच उखडले. "अहो, पस्तिसाला आलो होतो ना! आता पुन्हा पहिल्यापासून!" आमच्याकडे चहाला आले की गाळणी उजेडाकडे धरून तिच्या तारा मोजत. माझ्या धाकट्या बहिणीची पत्रिका जुळवून आणली तेव्हा मी आनंदाने सांगितलं, छत्तिसापैकी अठरा गुण जमतात. काका गंभीरपणे म्हणाले, "अठरा? म्हनजे अर्धंच चाक झालं की, मास्तर." आमची ही आतून ओरडली, "काका, शुभ बोला!" लग्न झालं, संसारही बरा चालला आहे, पण अजून बहीण रुसून माहेरी आली की मला ते अर्धं चाक आठवतं.

चाक त्यांना स्वस्तातच हवं होतं. माझे कितीतरी रविवार त्यापायी मातीत गेले. नालासोपाऱ्याचे भंगारवाले, भाईंदरची दुकानं, मुंबईचा जुना बाजार, कुठे म्हणून आम्ही गेलो नाही! एका दुकानदाराने बाहेरून मागवून देतो म्हणून किंमत सांगितली, ती ऐकून मलाच घाम फुटला. काका बाहेर येऊन म्हणाले, "एवढ्यात नवी सायकल येईल."

"मग नवीच घ्या ना एकदाची! सुटू तरी द्या मला," मी वैतागून म्हणालो.

"नवी काय दादूसनं आनलेली असनार आहे?"

बोलून गेले आणि समोरच्या रसाच्या गाडीकडे चालायला लागले. काकांना भाऊ आहे हे मला तेव्हा कळलं. तिथे बसून हळूहळू बाकीचंही बाहेर आलं. दादूस म्हणजे थोरला भाऊ. तरुणपणी जहाजावर खलाशी होता, त्यानेच ती रेसर आणली आणि धाकट्याला दिली. पुढे, नऊएक वर्षांपूर्वी, वाटणीवरून दोघांचं फाटलं. होडी आणि घर थोरल्याकडे राहिलं, काका बिऱ्हाड घेऊन विरारला आले. काका सायकल घेऊन दाराबाहेर पडत असताना थोरला म्हणाला होता, "माळ्यावरचं दुसरं चाकपन ने. नायतर मागायला येशील."

"दुसरं चाक?" माझा ग्लास हातातच राहिला. "काका, छत्तीस तारांचं?"

"मग काय! त्यानं जोडीनं आनलेलं."

"आणि ते पाचूबंदरला आहे? आणि आपण तीन वर्षं भंगार चिवडतोय?"

"मी त्याला सांगून आलोय, मेलो तरी मागायला येनार नाय."

मी कपाळावर हात मारून घेतला. जे चाक विरारहून तासाभराच्या वाटेवर फुकट टांगलेलं होतं, त्याच्यासाठी हा गृहस्थ मला उन्हातान्हात फिरवत होता! छत्तिसाचा आकडा म्हणतात तो मी मोजून तिथेच पाहिला. घरी येऊन हिला सांगितलं तर ती म्हणाली, "चाकाचं सोडा, आधी काकांचाच आउट काढून आणा कुठून तरी."

बिल्डिंगीत फोन फक्त आमच्याकडे होता. एका दुपारी तो वाजला. पलीकडे काकांची भावजय. दादूसना अर्धांगाचा झटका आला होता, उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती. "त्यांनी विचारायला सांगितलंय," ती म्हणाली, "चाक मिळालं का?" म्हणजे हा शोध पाचूबंदरपर्यंत पोचला होता! मी धावत वर गेलो. काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सांगा, मिळेल आता. मिळालं की त्याच्यावर बसूनच येतो." मला असा संताप आला! म्हटलं, "काका, तो माणूस चाक विचारत नाहीये हो!" तर म्हणाले, "मला कलतं, मास्तर. पन तोंडानं निघत नाय." मी तो निरोप जसाच्या तसा फोनवर सांगितला. 'येतायत' एवढं खोटं बोललो असतो तर काय बिघडलं असतं, हे मला अजून टोचतं.

महिन्याभराने पुन्हा फोन आला. आता बोलणं साफ गेलं होतं, अन्न उतरत नव्हतं. या वेळी काकांनी जिन्यात जाऊन रेसर खांद्यावर घेतली. पाचूबंदरहून विरारच्या बाजारात मासळी आणणारा टेम्पो रिकामा परत चालला होता. त्याच्या क्रेट्समध्ये आम्ही दोघं आणि ती मागचं चाक नसलेली सायकल. वाटभर काका ओठातल्या ओठात काहीतरी घोकत होते. मला वाटलं, माफी मागायची तयारी चाललीय.

घरासमोर बोंबील वाळत होते. आत खाटेवर दादूस. काकांच्याच मिशा, फक्त पांढऱ्या. काका सायकल घेऊन उंबऱ्यात उभे राहिले. घोकलेलं सगळं विसरले असावेत. शेवटी घसा खाकरून एवढंच म्हणाले, "दादूस, चाक दे."

नऊ वर्षांतला पहिला शब्द! दादूसचे डोळे भरून आले. त्याने डावा हात उचलून माळ्याकडे बोट केलं. भावजयीने गोणपाटात गुंडाळलेलं चाक खाली काढलं आणि गोणपाट उलगडलं. समुद्राच्या हवेने त्याचा चुरा करत आणला होता. रिमचे पापुद्रे सुटत होते. "दर दिवाळीला तेल लावून ठेवायचे," ती हळूच म्हणाली. "तरी खारी हवा खातेच. यंदा तर हातच चालला नाय."

काकांना ते दिसलं नसेल असं नाही. पण ते खाटेला टेकून बसले, चाक मांडीवर घेतलं आणि मोठ्याने मोजायला लागले. पस्तीस भरल्या. दादूसने मान हलवली. पुन्हा मोजल्या, पुन्हा पस्तीस, पुन्हा मान हलली. "पस्तीसच आहेत! तुला काय कलतं?" काका ओरडले. तेव्हा दादूसने डाव्या हाताने गोणपाट चाचपलं आणि तुटून पडलेली एक तार काढून त्यांच्यासमोर धरली. दोघेही हसले. दादूसचं हसू अर्ध्याच तोंडावर आलं. त्या दुपारी दोघा भावांचं बोलणं झालं ते एवढंच.

आठवड्याने दादूस गेला.

ते चाक सायकलवाल्याने हातात घेतलं आणि लगेच खाली ठेवलं. तारा आवळायची चावी लावली तर त्या तुटून हातात येतील म्हणाला. काकांनी ते घरी आणून गॅलरीत खिळ्याला टांगलं, सुटी तारही सुतळीने त्यालाच बांधली. पुढे दोनेक वर्षांनी मला वसईच्या एका दुकानात, अगदी नीट मापाचं, छत्तीस तारांचं, परवडेल असं मागचं चाक दिसलं. मी स्वतः दोनदा मोजलं. धापा टाकत जिना चढून सांगायला गेलो. दिवाळी तोंडावर होती. काका गॅलरीत पाटावर बसले होते, मांडीवर ते गंजकं चाक, शेजारी खोबरेलाची वाटी, आणि चिंधीने एकेक तार पुसणं चाललं होतं.

"काका, मिळालं!" मी म्हणालो.

"नको, मास्तर. माझं मला मिळालंय."

"अहो, पण याला तेल लावून काय उपयोग? हे काय फिरणार आहे का आता?"

काकांनी वर पाहिलं नाही. चिंधी तेलात बुडवली आणि पुढच्या तारेला लावली.

"इतकी वर्सं त्यानं एकट्यानं लावलं," ते म्हणाले. "माझी वाट बघत."

मी खाली बसलो आणि वाटी त्यांच्या हाताजवळ सरकवली.